व्हिडिओ कॅमेरा आणि फॉरमॅट : नेहमीचे प्रश्न, नेहमीचे गैरसमज

लग्न, मुंज, गणपतीची मिरवणूक, शाळेचं गॅदरिंग, आजोबांची पंचाहत्तरी. शूटिंग करणारा फोन आता प्रत्येकाच्या खिशात आहे, तरी फाइल हातात आली की तेच ते प्रश्न पडतात. बहुतेक वेळा गाडी एकाच जागी अडते: खोक्यावर छापलेला आकडा किंवा फाइलच्या नावामागची तीन-चार अक्षरं म्हणजेच चित्राचा दर्जा, असं आपण धरून चालतो. उत्तरं क्रमाने वाचायची गरज नाही. आपला प्रश्न शोधा, तेवढंच वाचा.

४के कॅमेरा घेतला की व्हिडिओ आपोआप चांगला येतो ना?

४के हा चौकटीतल्या ठिपक्यांचा हिशेब आहे, बाकी काही नाही. आडवे ३८४० आणि उभे २१६०, म्हणजे साधारण ८३ लाख पिक्सेल. फुल एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे जवळपास २१ लाख. ठिपके चौपट झाले हे खरं, पण प्रत्येक ठिपक्यात काय भरलं जाणार हे लेन्स, सेन्सर, उजेड आणि बिटरेट ठरवतात.

यातला बिटरेट सगळ्यांत दुर्लक्षित. एका सेकंदाच्या चित्रासाठी फाइलमध्ये किती माहिती लिहिली जाते, तो हा आकडा. कॅमेऱ्याने चौपट ठिपके घेतले आणि माहिती मात्र फुल एचडीइतकीच लिहिली, तर गर्दीत, हलत्या पानांत, उधळलेल्या गुलालात चित्राचे चौकोन-चौकोन दिसू लागतात. आपण त्याला ‘चित्र फुटलं’ म्हणतो. स्वस्त ॲक्शन कॅमेऱ्यांत तर याच्याही पुढची गंमत असते. सेन्सर ४केचा नसतोच. कमी ठिपक्यांचं चित्र ताणून ४केच्या चौकटीत बसवलेलं असतं आणि बारीक अक्षरांत कुठेतरी ‘इंटरपोलेटेड’ असं लिहिलेलं असतं.

संध्याकाळच्या मांडवात चांगल्या लेन्सच्या फुल एचडी कॅमेऱ्याने काढलेलं चित्र साध्या फोनच्या ४केपेक्षा उजवं दिसतं, यात नवल काही नाही. मग ४केचा उपयोग काय? एडिटिंगच्या टेबलावर. फुल एचडीत द्यायचं असेल तर ४केची चौकट कापून नवरीचा चेहरा जवळ आणता येतो, वाकडी चौकट सरळ करता येते, हलणारा हात थोडा सावरता येतो. मोठ्या टीव्हीवर जवळून बघणाऱ्यालाही फरक कळतो. ३२ इंची टीव्ही दहा फुटांवरून बघणाऱ्याला तो कळणार नाही, आणि त्यात त्याच्या डोळ्यांचा दोष नाही.

आणि मेगापिक्सेल? फोन १०८ मेगापिक्सेलचा आहे.

तो आकडा फोटोसाठी. ४के व्हिडिओच्या एका चौकटीला सव्वाआठ मेगापिक्सेल लागतात, फुल एचडीला दोन. बाकीचे व्हिडिओपुरते खोक्यावरच राहतात.

एमपी४ चांगलं की एमओव्ही? की एमकेव्ही?

हे विचारणं म्हणजे भाजी स्टीलच्या डब्यात चांगली लागते की पितळेच्या, असं विचारणं. एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही, एव्हीआय, एमटीएस हे सगळे डबे आहेत. आत चित्राचा एक प्रवाह, आवाजाचा एक प्रवाह आणि दोघांचं वेळापत्रक ठेवलेलं असतं. चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरलंय ते कोडेक ठरवतो: एच.२६४, एच.२६५, एमपीईजी-२, प्रोरेस, एव्ही१ वगैरे. एमपी४ची बांधणी तर क्विकटाइमच्या एमओव्हीवरूनच घेतली आहे, त्यामुळे हे दोघे सख्खे भाऊच.

म्हणून ‘आमच्या टीव्हीवर एमपी४ चालतं, पण ही एमपी४ चालत नाही’ अशी तक्रार येते तेव्हा दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. टीव्हीला डबा उघडता येतो, आतला कोडेक ओळखता येत नाही. जुन्या टीव्हीला एच.२६४ समजतं, एच.२६५ समजत नाही. आत काय आहे ते बघायला मीडियाइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम आहे. फाइल त्यात टाकली की कोडेक, बिटरेट, सेकंदाला किती चौकटी (फ्रेम), सगळं समोर येतं. कुणाशी वाद घालण्याआधी तो बघावा.

मग एमटीएस फाइल एमपी४ करून घेतली तर क्वालिटी कमी होते का? की वाढते?

वाढत तर कधीच नाही. कमी होते की नाही, हे कसं केलं यावर आहे. नुसता डबा बदलला, म्हणजे आतलं चित्र जसंच्या तसं उचलून नव्या डब्यात ठेवलं, तर रेसभरही फरक पडत नाही आणि तासाभराची फाइल मिनिट-दोन मिनिटांत तयार होते. एफएफएमपेग नावाच्या फुकट प्रोग्रामला हे एका ओळीत जमतं. पण बहुतेक ‘कन्व्हर्टर’ चित्र उलगडतात आणि पुन्हा दाबतात. प्रत्येक वेळी थोडं सांडतं, आणि सांडलेलं परत येत नाही. ओळखायची सोपी खूण: प्रोग्राम खूप वेळ घेत असेल आणि लॅपटॉपचा पंखा घरघरत असेल, तर चित्र पुन्हा दाबलं जातंय.

‘एचडी कन्व्हर्टर’ नावाने मिळणारे ॲप जुन्या छोट्या व्हिडिओला मोठ्या चौकटीत ताणतात. हल्लीचे एआयवाले प्रोग्राम चेहऱ्यावर खरोखर बारकावे आणतात, पण ते बारकावे त्यांनी अंदाजाने रंगवलेले असतात. पणजीच्या चेहऱ्यावर कॉम्प्युटरने काढलेल्या सुरकुत्या आपल्याला हव्यात का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी तरी मूळ फाइल बाजूला ठेवल्याशिवाय त्या वाटेला जाणार नाही.

एच.२६५ नवीन आहे, फाइलही लहान होते. मग लॅपटॉप का अडकतो?

एच.२६४ आला २००३ मध्ये, एच.२६५ आला २०१३ मध्ये. साधारण तेवढाच दर्जा जवळपास निम्म्या जागेत बसवायचा, हा त्याचा उद्देश. पण जागा वाचते ती गणित वाढवून. शिवाय या दोन्ही पद्धतींत बहुतेक कॅमेरे प्रत्येक चौकट पूर्ण लिहीतच नाहीत. एक पूर्ण चौकट, आणि पुढच्या कित्येक चौकटींत फक्त ‘काय बदललं’ याची नोंद. बघताना हे सुरळीत चालतं. एडिटिंगमध्ये तुम्ही मधल्या एखाद्या चौकटीवर उडी मारता तेव्हा कॉम्प्युटरला मागे जाऊन सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

उपाय नवा लॅपटॉप हा नाही, निदान पहिला तरी नाही. एडिटिंग प्रोग्राममध्ये प्रॉक्सी करून घ्या, म्हणजे कामापुरत्या हलक्या नकला. काम त्यांच्यावर करायचं, शेवटी रेंडर, म्हणजे अंतिम फाइल, मूळ फाइलवरूनच होतं.

२५, ३०, ५०, ६० : सेकंदाला किती चौकटी ठेवायच्या? जास्त म्हणजे चांगलं ना?

आपल्याकडे याचं उत्तर घरातल्या विजेपासून सुरू होतं. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे. तिच्यावर चालणारे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोनवर बहुधा ३० चौकटी आधीपासून लावलेल्या असतात आणि शटर, म्हणजे एका चौकटीसाठी उजेड घेण्याचा वेळ, सेकंदाचा साठावा भाग. तेवढ्या वेळात दिव्याच्या लहरी पूर्ण बसत नाहीत, दीडच्या वर आणि दोनच्या आत काहीतरी बसतं. एका चौकटीत उजेड जास्त, पुढच्या चौकटीत कमी. हॉलच्या एलईडी दिव्यांखाली व्हिडिओ लुकलुकतो किंवा त्यावरून काळसर पट्टे सरकतात, ते यामुळे.

म्हणून भारतात २५ किंवा ५० चौकटी आणि शटर १/५० किंवा १/१००. मग प्रत्येक चौकटीत लहरी पूर्ण बसतात आणि लुकलुक थांबते. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये पॅल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) फॉरमॅट दाखवण्याचा पर्याय चालू केला की २५ चौकटी दिसू लागतात. ज्या फोनमध्ये २५ नाहीतच, तिथे प्रो मोडमध्ये शटर तरी १/५० किंवा १/१०० वर बांधून ठेवावं. अर्धं दुखणं तिथेच जातं. एवढं करूनही एखादी स्टेजची रंगीत एलईडी पट्टी लुकलुकत राहते, कारण तिचा ड्रायव्हर वीजपुरवठ्याच्या तालावर चालत नाही, स्वतःच्याच तालावर दिवा चालू-बंद करतो. तिथे शटर थोडं थोडं हलवून बघणं किंवा डेकोरेटरला ती पट्टी पूर्ण उजेडावर ठेवायला सांगणं, एवढंच हातात आहे.

जास्त चौकटींचा खरा फायदा संथ गतीसाठी. ५० ने घेतलेलं २५ वर चालवलं की बरोबर निम्मी गती मिळते. अक्षता पडताना, लेझीम चालू असताना हे सुंदर दिसतं. पण बारा तासांचं लग्न ५० वर घ्यायचं तर कार्डही जास्त लागतं आणि चौकट निम्म्या वेळात संपत असल्याने उजेडही जास्त लागतो. भाषणाला, कीर्तनाला २५ पुरेत.

२४ ने सिनेमासारखं दिसतं म्हणतात.

बोलपटांच्या सुरुवातीला २४ हा आकडा ठरला आणि टिकला. २४ आणि २५ यांतला फरक डोळ्याला कळत नाही. सिनेमासारखं दिसतं ते उजेड, शटर आणि कॅमेरा शांत धरण्यामुळे.

अमेरिकेहून मामाने आणलेला हँडीकॅम आहे. त्याच्या शूटिंगला नेहमी काहीतरी होतं.

तो एनटीएससीचा, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्ही पद्धतीचा आहे. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिकडचा टीव्ही सेकंदाला २९.९७ चौकटींचा. आपल्याकडे १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं ते पॅल पद्धतीवर: २५ चौकटी, प्रत्येकी दोन भागांत. पॅल डिजिटल चित्र ७२० गुणिले ५७६, एनटीएससीचं ७२० गुणिले ४८०. परदेशातल्या नातेवाइकांकडून कॅमेरा मागवण्याची पद्धत जोरात होती तेव्हा असे हजारो कॅमेरे आपल्या घरांत आले. कॅमेऱ्यात दोष नव्हता. तो दुसऱ्या देशाच्या विजेसाठी बनवलेला होता.

त्याच्या कॅसेट आजही वाचता येतात, पण वाचायला एनटीएससी समजणारंच यंत्र लागतं. आणि एकाच कार्यक्रमाचं अर्धं शूटिंग त्यावर, अर्धं इथल्या कॅमेऱ्यावर असेल तर एडिटिंगमध्ये एकाला दुसऱ्याच्या तालावर आणावं लागतं आणि हालचालीत बारीक झटके राहतात. हँडीकॅम भारतात ट्यूबलाइटखाली लुकलुकत असेल तर त्याचं शटर १/१०० वर बांधून बघा.

जुनं शूटिंग कॉम्प्युटरवर लावलं की हलणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्यासारख्या रेघा दिसतात. कॅसेट खराब झाली का?

नाही. ते इंटरलेस चित्र आहे. जुन्या टीव्हीसाठी प्रत्येक चौकट दोन भागांत घेतली जायची: आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. दोन्हींमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. तेवढ्यात माणूस पुढे सरकतो. पिक्चर ट्यूबचा टीव्ही हे भाग एकामागून एक दाखवायचा, म्हणून कधी खटकलं नाही. कॉम्प्युटर दोन्ही एकदम दाखवतो.

पाहण्यासाठी व्हीएलसीमध्ये डीइंटरलेस चालू करा, झालं. कायमची फाइल करायची तर डीइंटरलेस करताना ५० भागांच्या २५ चौकटी न करता ५० पूर्ण चौकटी करून घ्या, नाहीतर हालचालीचा अर्धा सलगपणा जातो. हे दुकानदाराला स्पष्ट सांगावं लागतं. आणखी एक: डीव्हीमध्ये (मिनीडीव्ही कॅसेटची पद्धत) खालच्या ओळींचा भाग आधी येतो, एचडीव्हीमध्ये (तिची एचडी बहीण) वरच्या. हा क्रम उलटा लागला तर माणसं पुढे-मागे थरथरताना दिसतात. अशी फाइल मिळाली तर परत करा. कॅसेट ठीक आहे, काम चुकलंय.

मिनीडीव्ही कॅसेटची डीव्हीडी करून घेतली आहे. आता कॅसेट टाकून देऊ?

देऊ नका. निदान हे उत्तर वाचेपर्यंत तरी नाही.

मिनीडीव्ही १९९५ मध्ये आलेल्या डीव्ही पद्धतीची. दिसायला कॅसेट, पण तिच्यावर जे लिहिलंय ते मुळातच डिजिटल आहे. चित्राला सेकंदाला २५ मेगाबिट, आवाज वगैरे धरून तासाला साधारण १३ जीबी. डीव्हीडीची एक साधी डिस्क ४.७ जीबीची. तीन तासांचं लग्न तिच्यात बसवायचं तर आवाज धरून सेकंदाला जेमतेम साडेतीन मेगाबिट उरतात. म्हणजे मूळ माहितीचा सातवा हिस्साही नाही. शिवाय डीव्हीडी एमपीईजी-२ वर दाबलेली असते. व्हीसीडी असेल तर विचारूच नका: ३५२ गुणिले २८८, म्हणजे पाव चित्र.

दुसरा मुद्दा कॅसेट उतरवण्याच्या पद्धतीचा. मिनीडीव्ही कॅमेऱ्याला फायरवायरचं छोटं सॉकेट असतं. सोनीने त्याला आयलिंक म्हटलं. या वायरने कॉपी केली की कॅसेटवरचा डेटा जसाच्या तसा कॉम्प्युटरवर येतो. अनेक दुकानांत मात्र पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरने कॅमेरा यूएसबी डबीला जोडतात. म्हणजे डिजिटल चित्र आधी ॲनालॉग झालं, मग पुन्हा डिजिटल, तेही बरंच दाबून. दुकानात जाऊन पहिला प्रश्न हाच विचारा: फायरवायरने उतरवता का? आणि मिळणारी फाइल तासाला १३ जीबीच्या आसपास आहे ना, ते बघा. कॅमेऱ्याला यूएसबीचं भोकही असतं, पण बऱ्याच मॉडेलमध्ये ते फोटोंसाठी किंवा वेबकॅमच्या हलक्या चित्रासाठी आहे. नव्या लॅपटॉपला फायरवायर नसतं, त्यामुळे जुना डेस्कटॉप आणि त्यातलं कार्ड जपून ठेवणाऱ्याला या कामात मान आहे.

व्हीएचएस, व्हिडिओ८ आणि हाय८ या मात्र ॲनालॉग कॅसेट, त्यांना पिवळी किंवा एस-व्हिडिओ वायरच लागते. डिजिटल८ची गंमत अशी की कॅसेट हाय८चीच, लेखन डीव्हीचं. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, २०१६ मध्ये थांबली. आता जी यंत्रं आहेत तीच आहेत, आणि त्यांची हेडं, म्हणजे फीत वाचणारे भाग, झिजत चालली आहेत. डीव्हीडी झाल्यावर कॅसेट फेकायला लोक उत्सुक असतात. मला वाटतं उलट, डीव्हीडीवर विसंबून राहणंच धोक्याचं.

कोकणात, गोव्यात आणि पावसाळी दमट घरांत कॅसेटवर बुरशी येते. झाकण उचलून फितीच्या गुंडाळीच्या कडेला पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालू नका. बुरशी हेडला चिकटते आणि पुढच्या कॅसेटवर जाते. आधी साफसफाई, मग कॉपी.

आणि डीव्हीडीच उरली असेल तर?

व्हीडिओ_टीएस हा अख्खा फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करा. आतल्या व्हीओबी फाइली एकेक जीबीच्या तुकड्यांत असतात, ते बिघाडाचं लक्षण नाही. लिहिता येणाऱ्या डिस्कवरचा रंगाचा थर वर्षानुवर्षांत उतरतो, तेव्हा हे काम या आठवड्यात करा.

कार्डवर १७० एमबी लिहिलंय, तरी ‘कार्ड स्लो’ असा संदेश येतो.

तो वाचण्याचा वेग. शूटिंगला लिहिण्याचा वेग लागतो, आणि तोही सतत टिकणारा. त्यासाठी व्ही हे अक्षर बघा: व्ही३० म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सतत, व्ही६० म्हणजे ६०, व्ही९० म्हणजे ९०.

मेगाबिट आणि मेगाबाइट यांत आठपट फरक आहे, आणि इथे बरेच जण विनाकारण महाग कार्ड घेतात. कॅमेरा १०० मेगाबिटने लिहितो म्हणजे साडेबारा मेगाबाइट. व्ही३० त्याला आरामात पुरतं. तासाला ४५ जीबी जागा जाते. ४०० मेगाबिटला ५० मेगाबाइट, तिथे व्ही६० हवं. बाजारात नकली कार्डं भरपूर आहेत: १२८ जीबी लिहिलेलं, आत ३२. नवं कार्ड कार्यक्रमाला नेण्याआधी एकदा पूर्ण भरून, परत वाचून बघा.

माझा कॅमेरा अर्ध्या तासाने आपोआप बंद होतो. बिघडलाय का?

२९ मिनिटं ५९ सेकंदांनी होत असेल तर तो बिघाड नाही, युरोपातला कर आहे. तिथे सलग ३० मिनिटं किंवा जास्त रेकॉर्ड करणारा फोटो कॅमेरा ‘व्हिडिओ कॅमेरा’ ठरायचा आणि त्यावर वेगळी जकात बसायची. कंपन्यांनी एक सेकंद आधी थांबायचं ठरवलं आणि तीच मर्यादा जगभरच्या कॅमेऱ्यांत आली. कर गेल्यावर नव्या मॉडेलमधून ती बहुतेक नाहीशी झाली.

१२ मिनिटांच्या आसपास थांबत असेल तर वेगळं कारण. फॅट३२ पद्धतीच्या कार्डवर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. २००८ मधल्या कॅनन ५डी मार्क २ वर एचडी चित्र साधारण १२ मिनिटांत तिथे पोचायचं. व्याख्यान शूट करणाऱ्यांना तो आकडा पाठ होता. हँडीकॅम मात्र ४ जीबीला थांबत नाहीत, पुढची फाइल सुरू करतात. म्हणून एव्हीसीएचडी (हँडीकॅमची एचडी पद्धत) कार्डवरून सुट्या एमटीएस फाइली उचलू नका. ‘प्रायव्हेट’ फोल्डर अख्खा कॉपी करा, म्हणजे तुकडे जोडताना मधला आवाज तुटत नाही.

कधी २० मिनिटांनी, कधी ४० मिनिटांनी, मे महिन्याच्या दुपारी जास्त? तो तापतोय. स्क्रीन कॅमेऱ्याच्या पाठीपासून बाहेर ओढून ठेवा, कॅमेरा सावलीत ठेवा.

फुल फ्रेम कॅमेरा घेतलेला शूटिंगवाला चांगला, असं म्हणतात. खरं?

सेन्सर मोठा असला की अंधारात चित्र स्वच्छ येतं आणि मागचं धूसर होतं. पण जे धूसर होतं ते फक्त मागचंच नसतं. लेन्स पूर्ण उघडी ठेवली तर नवरीच्या डोळ्यांवर फोकस आणि शेजारचा नवरा अंधुक. आंतरपाट दूर होतो तो क्षण दोन सेकंदांचा. तेवढ्यात फोकस शोधत बसणारा कॅमेरा काय कामाचा? खोलवर फोकस राहणारा लहान सेन्सरचा कॅमकॉर्डर अशा वेळी निर्धास्त असतो. शूटिंगवाला निवडताना त्याचा कॅमेरा विचारू नका, त्याने केलेल्या एखाद्या लग्नाचे सलग, न कापलेली दहा मिनिटं बघायला मागा.

जाता जाता: ‘१ इंची’ सेन्सर १ इंचाचा नसतो. तो १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर. हे माप जुन्या कॅमेरा-नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आलंय.

१०० एक्स झूम?

लेन्सचा झूम किती, तेवढंच विचारा. बाकीचं चित्र कापून मोठं केलेलं.

शूटिंगवाल्याने दिलेलं कच्चं फुटेज फिकट, राखाडी दिसतं. फसवलं का?

बहुतेक नाही. ते लॉगमध्ये घेतलेलं आहे. भर उन्हातलं पांढरं आभाळ आणि मांडवातली सावली दोन्ही सांभाळायला कॅमेरा उजेडाचा पट्टा दाबून लिहितो, रंग नंतर चढवायचे असतात. रंग न चढवता दिलं तर ते अर्धवट काम आहे, हे मात्र त्याला सांगा.

आपण स्वतः शूट करत असाल तर लॉगच्या मोहात पडू नका. ८ बिटच्या चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात, १० बिटमध्ये १०२४. ८ बिटमध्ये लॉग घेऊन नंतर ताणलं की आभाळात आणि भिंतीवर पट्टे उमटतात. रंगकाम करायला वेळ नसेल तर कॅमेऱ्याचं साधं प्रोफाइल लावा, कुणाला काही कळणार नाही.

आयफोनवर झकास दिसणारा व्हिडिओ दुसऱ्याकडे भगभगीत दिसतो.

२०२० मधल्या आयफोन १२ पासून फोन एचडीआर व्हिडिओ घेतो, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पट्टा धरणारा. एचडीआर न समजणाऱ्या स्क्रीनवर किंवा एडिटिंग प्रोग्राममध्ये तेच चित्र पांढरट, चेहरे जळल्यासारखे दिसतात. घरगुती कामाला सेटिंगमध्ये एचडीआर व्हिडिओ बंद ठेवा.

फोनवरचं भाषण एडिट करताना आवाज आणि ओठ जुळत नाहीत.

फोन ‘३० चौकटी’ म्हणतो, पण उजेड कमी झाला किंवा फोन तापला की तो कधी २८, कधी २९ घेतो. बघताना चालतं, एडिटिंग प्रोग्राम मात्र सगळ्या चौकटी समान अंतरावर मांडतो आणि तासाभराच्या भाषणात फरक साचत जातो. हँडब्रेक नावाच्या फुकट प्रोग्राममध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून फाइल आधी सरळ करून घ्या. इथे चित्र पुन्हा दाबलं जातं, तेवढी किंमत मोजावी लागते. पुढच्या वेळी चौकटी स्थिर ठेवणारं ॲप वापरा.

ढोल-ताशाचा आवाज फाटतो. महागडा माइक घेतला तर थांबेल?

माइक बदलून नाही, पातळी बदलून थांबेल. पथकासमोर उभं राहिलं की आवाज माइकच्या आणि रेकॉर्डिंगच्या मर्यादेपलीकडे जातो. लहरीचं डोकं छाटलं जातं आणि छाटलेलं डोकं कुठल्याच प्रोग्रामला खात्रीने परत आणता येत नाही. कॅमेऱ्यातली आवाजाची ‘ऑटो’ सोय इथे वैरी आहे: टोल पडला की ती आवाज एकदम खाली खेचते, दोन टोलांच्या मधे वर आणते, आणि अख्खी मिरवणूक श्वास घेतल्यासारखी वर-खाली ऐकू येते. मंगलाष्टकांतही हेच होतं, ‘सावधान’नंतर सनई आणि ताशा सुरू झाला की गुरुजी पुढे काय म्हणाले ते गायब.

ऑटो बंद करा. मीटर टोलाच्या वेळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकी पातळी खाली आणा. हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो. पथकापासून थोडं लांब, बाजूला उभे राहा. ३२ बिट फ्लोटचा रेकॉर्डर असेल तर पातळीची चिंता बरीच कमी होते, मात्र माइकच गुदमरला तर तोही काही करू शकत नाही. भाषण, कीर्तन, मंगलाष्टकांसाठी साउंडवाल्याच्या मिक्सरमधून एक वायर किंवा पेन ड्राइव्हवर रेकॉर्डिंग मागून घ्या. पाच मिनिटं आधी जाऊन गोड बोललं की ते मिळतं. लोक हजारो रुपये लेन्सवर घालतात आणि हे करत नाहीत.

पंख्याची पाती वाकडी, चालत्या गाडीतून विजेचे खांब तिरके. लेन्स खराब आहे?

लेन्स ठीक आहे. बहुतेक सेन्सर चौकट वरून खाली ओळीओळीने वाचतात. खालची ओळ येईपर्यंत खांब सरकलेला असतो. कॅमेरा हळू फिरवा.

व्हॉट्सॲपवर आलेला लग्नाचा व्हिडिओ टीव्हीवर लावला, सगळं पुसट. शूटिंगवाल्याला बोलू का?

आधी मूळ फाइल मागा. व्हॉट्सॲप व्हिडिओ पुन्हा दाबतं. ‘एचडी’ निवडलं तरी दाबतंच, फक्त कमी. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. नाहीतर ड्राइव्हची लिंक. एकमेकांना फॉरवर्ड होत आलेला व्हिडिओ कधीही ‘मूळ’ समजून साठवू नका.

शूटिंगवाल्याकडून नेमकं काय मागून घ्यायचं?

ठरवतानाच, पैसे देण्याआधी, लिहून घ्या: पूर्ण कार्यक्रमाची एच.२६४ मधली एमपी४ फाइल, फुल एचडीत, सेकंदाला २० मेगाबिटच्या आसपास. ४के ठरलं असेल तर ती वेगळी. सगळं कच्चं फुटेज आणि कॅमेऱ्याव्यतिरिक्त वेगळा घेतलेला आवाज, तुम्ही दिलेल्या हार्ड डिस्कवर. तो ते किती महिने स्वतःकडे ठेवणार, ते. कार्डं पुढच्या लग्नाला लागतात, म्हणून ती लवकर पुसली जातात. यात त्याचा काही कावा नसतो. गाणी लावलेली तीन मिनिटांची रील सगळ्यांना आवडते, पण दहा वर्षांनी आत्याचं उखाण्यात अडखळणं बघायचं असतं आणि ते रीलमध्ये नसतं.

पेन ड्राइव्हवर दिलंय, तो कपाटात ठेवला तर चालेल?

तो देण्या-घेण्यासाठी. पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षं वीज न लागता पडून राहिला की आतला डेटा निसटू शकतो, आणि तो हरवतो तर नक्कीच. दोन हार्ड डिस्क घ्या, एक घरी, दुसरी बहिणीकडे किंवा गावी. वर्षातून एकदा दोन्ही जोडून फाइली उघडून बघा. डिस्कवर कार्यक्रमाचं नाव आणि साल चिकटवा, नाहीतर ‘न्यू फोल्डर २’ मध्ये कुणाची मुंज आहे ते पुढे कुणालाच सांगता येत नाही.